मदत हवी आहे: उपकेंद्रावरची सिस्टर आहे, फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं तर कुठं शिकू?

उपकेंद्रवाली

नमस्कार. केज तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, आहे. आधी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक बीएस्सी, मग सहा महिन्यांचा कम्युनिटी हेल्थचा सर्टिफिकेट कोर्स. नोकरी कंत्राटी. मुलगी चार वर्षांची, सासूबाई सांभाळतात. हे आधीच सांगते, नाहीतर सगळे म्हणतील केरळला जा, दिल्लीला जा.

पाडव्याच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं आल्या की माझी ओपीडी भरते. बीपी १८०/११०, आणि बाई हसत सांगते, "सिस्टर, फडावर कुठं गोळ्या घ्याव्या? बरं वाटायलं होतं, सोडल्या." नव्या पेशंटची पहिली गोळी एमओ (मेडिकल ऑफिसर) सरांनी लिहायची, पुढं महिन्याच्या महिन्याला मी द्यायची, अशी पद्धत. त्याबद्दल तक्रार नाही.

गेल्या महिन्यात मात्र एक बाई आली, शुगरची जुनी पेशंट. "तळपाय जळायलेत" म्हणाली. मी शुगर मोजली आणि थांबले. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारी व्हिडिओ सल्ल्यावर, डॉक्टर मॅडमला जोडून दिलं. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) किती वर्षांपासून चालू? चपलेत खडा गेला तर कळतो का? जेवणात दूध-अंडी काही असतं का? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: इतकी वर्षं मेटफॉर्मिन, त्यानं बी-१२ कमी होऊन पाय जळत असू शकतात. पाय तर मी बघितलेच नव्हते. बाई समोर माझ्या बसलेली आणि प्रश्न मोबाइलमधून आले, हे फार लागलं.

मला ते तीन प्रश्न शिकायचेत. अमेरिकेत फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना तपासते, निदान करते, औषध लिहिते असं वाचलं. आपल्याकडं त्याच्या जवळचं काय आहे? एमएस्सी कम्युनिटी करू का? की एनपीसीसी, म्हणजे क्रिटिकल केअरची नर्स प्रॅक्टिशनर?

पाटी-पेन्सिल

ताई, मी नर्सिंग कॉलेजात कम्युनिटी शिकवते, म्हणून स्पष्ट सांगते. एमएस्सीला बीएस्सीत ५५ टक्के, एक वर्षाचा अनुभव आणि सीईटी (प्रवेश परीक्षा). पाच शाखा असतात, त्यातली कम्युनिटी तुमच्या कामाला जवळची. पण दोन वर्षं तुम्ही सर्व्हे, आरोग्य शिक्षण, कार्यक्रमाचं नियोजन आणि प्रबंध यांतच असाल. बाहेर पडाल ती ट्यूटर होऊन. पगार सुधारेल, "तळपाय जळायलेत" तिथंच राहील.

एनपीसीसी म्हणजे क्रिटिकल केअर. दोन वर्षांची रेसिडेन्सी, सगळी आयसीयूत. व्हेंटिलेटर उत्तम कळेल, पण तुमच्या उपकेंद्रात व्हेंटिलेटर कुठाय? मिडवाइफरीची नर्स प्रॅक्टिशनर हा १८ महिन्यांचा कोर्स आहे, तो बाळंतपणाचा. तुम्हाला पाहिजे तसं पद आपल्या जिल्हा परिषदेत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचं कलम ३२ मात्र वाचून ठेवा. मर्यादित परवान्याच्या 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर'ची तरतूद त्यात आहे.

दुष्काळी ढग

कंत्राटी आहात ना? मग आधी परमनंटचं बघा. शिकून कुणाचं भलं झालंय.

परभणी ते डॅलस

वरच्या दादांकडं लक्ष देऊ नका.

मी इथं टेक्सासमध्ये एफएनपी (फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर) आहे. क्रम असा: आधी एनसीएलईएक्स ही तिथली नर्सिंगची परीक्षा पास होऊन आरएनचं (नोंदणीकृत नर्सचं) लायसन्स, मग मास्टर्स किंवा डीएनपी (नर्सिंगमधली डॉक्टरेट), मग राष्ट्रीय सर्टिफिकेशन परीक्षा. मी शिकले तेव्हा देखरेखीखाली पेशंट तपासायचे किमान ५०० तास लागायचे, २०२२ च्या मानकांत ते ७५० झाले. म्हणून "घरबसल्या ऑनलाइन एफएनपी करा" म्हणत कुणी एजंट फोन करत असेल तर एक रुपया देऊ नका. थिअरी ऑनलाइन होते, पण ते तास आणि लायसन्स इथलंच लागतं. आणि एवढं करूनही टेक्सासमध्ये औषध लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो. काही राज्यांत लागत नाही. हे सगळं घेऊन केजला परत आलात तर कागदोपत्री पुन्हा सिस्टरच.

गंमत म्हणजे १९६५ साली कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड या नर्सनं आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञानं हा कोर्स सुरू केला, तो डॉक्टर पोचत नाहीत तिथल्या मुलांसाठी. म्हणजे तुमच्या उपकेंद्रासारख्याच जागेसाठी.

आमच्या शिक्षणाचा पाया तीन विषयांचा: आजारात शरीरात काय बिघडतं, औषध कसं चालतं, पेशंट डोक्यापासून पायापर्यंत कसा तपासायचा. यासाठी अमेरिका लागत नाही, शिकवणारं माणूस लागतं. रोज एका पेशंटची नोंद सविस्तर लिहा: ती काय म्हणाली, मला काय दिसलं, मला काय वाटतं, काय करणार. "मला काय वाटतं" मध्ये तीन शक्यता लिहायच्याच. आठवड्याला वही एमओंना दाखवा. चुका लाल पेनानं करून घ्या, लाजू नका.

उपकेंद्रवाली

तिघांचे आभार, ढगदादांचेसुद्धा. (परमनंटचा विषय घरीही रोज निघतो.) एमएस्सीचा फॉर्म यंदा भरत नाही. वही आजच चालू केली. पहिल्याच पेशंटला तिसरी शक्यता सुचेना, अर्धा तास गेला.

आता एकच विचारते. अंबाजोगाईला मेडिकल कॉलेज आहे, मला जवळ पडतं. सुट्टीच्या दिवशी तिथं मेडिसिन ओपीडीत नुसतं उभं राहून बघायची परवानगी मागायची तर अर्ज कुणाच्या नावानं करू?

पाटी-पेन्सिल

अधिष्ठातांच्या नावानं, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत. निरीक्षणासाठी असं ठळक लिहा, ट्रेनिंग शब्द नको, फाइल अडकते. रविवारी ओपीडी बंद, तेव्हा आठवड्यातला दिवस मोकळा करून घ्या. आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्यायला विसरू नका.