मदत हवी आहे: मुलीची टाळू अजून बंद केली नाही, तारीख देऊन परत पाठवलं

तापीकाठ_चोपडा:
नमस्कार मंडळी. मुलीच्या ओठाचं ऑपरेशन झालं, छान जमलं. टाळूचं राहिलं आहे. तारीख दिली होती, गाडी करून गेलो, पहाटेपासून पोरीला उपाशी ठेवलं आणि दुपारी म्हणाले आज होणार नाही, महिन्याने या. केळीची काढणी सोडून गेलो होतो. दुसरीकडे न्यावं का? दूध नाकातून येतं, बघवत नाही. आजच सांगा.

सुनंदाकाकू_अमळनेर:
अरे बाळा, टाळू दीड वर्षापर्यंत भरते. माझ्या नातवाची सोळाव्या महिन्यात भरली. कोमट खोबरेल थापत जा, दाबू नको. त्याला कसलं आलंय ऑपरेशन!

गिरणा_पाचोरा:
काकू, ती डोक्याची टाळू. हे तोंडातल्या टाळूचं विचारताहेत, जन्मतः दुभंगलेली असते ती. दादा, मुलगी किती महिन्यांची? वजन किती? परत का पाठवलं? हे कळल्याशिवाय सांगणार काय?

तापीकाठ_चोपडा:
अकरा महिन्यांची. ‘फिट नाही’ म्हणाले. ओठाच्या वेळी चौथ्या महिन्यात फिट होती, मग आता काय झालं? मला फक्त एवढंच सांगा, दुसरीकडे नेऊ की नको.

यावल_मास्तर:
सरळ मुंबई गाठा. परळचं वाडिया १९२९ पासून फक्त मुलांचं रुग्णालय आहे. माझ्या भाच्याला आम्ही मुंबईलाच नेलं. तालुक्याच्या गावी वेळ घालवू नका.

गिरणा_पाचोरा:
मास्तर, ऑपरेशन तालुक्यात होतंय असं त्यांनी कुठे लिहिलंय? आणि मुंबईला राहायचं कुठे, खर्च कोणी करायचा? आमच्या मुलाला अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाने हेरलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, दुभंगलेला ओठ आणि टाळू त्याच्या यादीत आहे. सिव्हिलला पाठवलं, तिथून पुढे. स्माईल ट्रेन ही अशी ऑपरेशनं फुकट करवणारी संस्था आहे, तिच्याशी जोडलेल्या रुग्णालयात एक रुपया लागला नाही.

कापूस_पारोळा:
ग्रहणात सूनबाईने काही चिरलं होतं का? आमच्याकडे म्हणतात तसं.

तापीकाठ_चोपडा:
हे घरीही रोज ऐकतो. बायको अकरा महिने रडतेय. कृपा करून इथे नको.

सिस्टर_भुसावळ:
पारोळेकर, ग्रहणाचा काहीएक संबंध नाही. ओठाच्या आणि टाळूच्या दोन्ही बाजू गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच जुळतात, कधी जुळत नाहीत. जगभरात साधारण सातशे बाळांमागे एकाला ओठाचं किंवा टाळूचं असं व्यंग असतं. दादा, वहिनींना हे मी सांगितलं म्हणून सांगा. त्यांनी काहीही चुकीचं केलेलं नाही.

धुळे_फार्मसी:
उशीर मात्र नको. २०२३ मध्ये मोठा अभ्यास आला, युरोप आणि दक्षिण अमेरिकेतली २३ केंद्रं, ५५८ बाळं. सहाव्या महिन्यात टाळू शिवलेल्यांपैकी ८.९ टक्के मुलांची टाळू पाचव्या वर्षी बोलताना नीट काम करत नव्हती, बाराव्या महिन्यात शिवलेल्यांत १५ टक्के. इथे अकरा झालेच आहेत. महिनाभर थांबवणं मला पटत नाही.

सिस्टर_भुसावळ:
तो अभ्यास ओठ दुभंगलेल्या बाळांचा नव्हताच, फक्त टाळूचा होता. तोही भूल सोसेल अशा निरोगी बाळांचा. ही मुलगी फिट नाही असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय. दादा, केसपेपर काढा आणि त्यावर काय आहे ते जसंच्या तसं इथे लिहा.

पुणेकर_मूळ_शहादा:
नाक, ओठ घडवण्याची विद्या आपलीच. १७९४ साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये पुण्याची हकिकत छापून आली. टिपूच्या कैदेत नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं होतं.

गिरणा_पाचोरा:
त्यासाठी वेगळा धागा काढा, मी आवडीने वाचेन. इथे बाळाचं चाललंय.

तापीकाठ_चोपडा:
केसपेपर बघितला. हिमोग्लोबिन ८.४, वजन ७ किलो, छातीत कफ. लोहाचं औषध ओठाच्या वेळीच दिलं होतं. शी काळी यायला लागली म्हणून माझ्या आईने बंद केलं. मला माहीत नव्हतं.

सिस्टर_भुसावळ:
मग त्यांनी बरोबर केलं. मी बारा वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. टाळूच्या ऑपरेशनला भुलेची नळी आणि टाके दोन्ही त्याच इवल्याशा तोंडात असतात. कफ असताना श्वासनळी आकसते, आणि रक्त आधीच कमी असलेल्या बाळाचं थोडं रक्त गेलं तरी जड जातं. काळी शी लोहामुळेच येते, भिऊ नका. उद्याच मुलांच्या डॉक्टरांना विचारून औषध सुरू करा, दुधाबरोबर देऊ नका.

नुसतं भोक बुजवणं नसतं हे. मागच्या मऊ टाळूचे स्नायू दोन बाजूंना पांगलेले असतात, ते मध्ये आणून जोडतात. बोलताना तेच नाकाची वाट बंद करतात, म्हणून प, ब, क, ग स्पष्ट उमटतात. कानाची नळी उघडणारेही तेच, त्यामुळे या बाळांच्या कानात पाणी साठतं. कानांची तपासणी झाली का?

तापीकाठ_चोपडा:
नाही. कोणी बोललंच नाही. हाक मारली तर कधी बघते, कधी नाही.

सिस्टर_भुसावळ:
या महिन्यात तेच करून घ्या. पाणी असेल तर त्याच भुलेत पडद्यात बारीक नळी बसवता येते, दुसऱ्यांदा भूल लागत नाही. दूध उभं धरून, बोंडल्याने, थोडं थोडं.

यावल_मास्तर:
तरीही मुंबईत एकदा दाखवा. ओळख आहे.

अहिराणी_साक्री:
भाऊ, काळजी करू नको. मन्हा पोऱ्यानं बी असंच व्हतं, आते मस्त बोलस. ऑपरेशननंतर बोलण्याचे व्यायाम करून घ्यावे लागले, दोन वर्षं. तेवढं सोडू नका.

सुनंदाकाकू_अमळनेर:
मला कळलं नव्हतं रे. पोरीला नाचणीची पेज, खजूर मऊ करून, पालक वाटून दे. तुझ्या आईशी फोनवर बोलायचं असेल तर बोलते, माझं ऐकतील.

तापीकाठ_चोपडा:
काकू, बोला, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो. दवाखान्यात फोन केला. चार आठवड्यांनी रक्त तपासून तारीख देणार, कानांची तपासणी त्याच आठवड्यात. दुसरीकडे नेत नाही. एक राहिलं: नंतर हात तोंडात जाऊ नयेत म्हणून कोपराला पट्ट्या लावतात म्हणे, त्या आधी विकत घ्यायच्या का?

गिरणा_पाचोरा:
आम्हाला तिथेच दिल्या. पूर्ण बाह्यांची दोन-तीन सुती झबली न्या, आत घातली की पट्टी टोचत नाही.