कोंडी झाली की तह होतोच असं नाही
'युद्धात आघाडी हलेनाशी झाली की दोघंही आपोआप तहाला येतात' हे म्हणणं मला अर्धंच पटतं. उत्तर-दक्षिण कोरियाच्या युद्धात आघाडी ३८व्या अक्षांशाजवळ रुतली आणि जुलै १९५१ मध्ये बोलणी सुरू झाली, खरं. पण शस्त्रसंधी २७ जुलै १९५३ ला! घोडं मुख्यतः युद्धकैद्यांवर अडलं: ज्याला परत जायचं नाही त्याला जबरदस्तीने पाठवायचं का? तोवर एकेका टेकडीसाठी माणसं मरतच होती. आमच्या जळगावकडे बांधाचा दावा असाच चालतो. दोघं भाऊ थकलेले, पण आधी बोलणार कोण? (कापसाचा पैसा मात्र दोघांचाही वकिलाकडे.) कोरियात मार्च १९५३ मध्ये उत्तरेच्या पाठीशी असलेल्या सोव्हिएत संघाचा नेता स्टालिन गेला, त्यानंतर कुठे गाडी हलली. पुढे परत जायला तयार नसलेल्या त्या कैद्यांसाठी भारताच्या जनरल थिमय्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि आपले जवान तिकडे पहाऱ्याला गेले.