मालदीव, लोकल बेटं, ऑगस्ट: मँटा आणि व्हेल शार्क एकाच फेरीत जमतील का?

खाडीकाठ

ऑगस्टमध्ये दोघं मालदीवला जायचं म्हणतोय. रिसॉर्ट नको, पाठीवर सॅक आणि लोकल बेटांवरची गेस्टहाऊसं. हातात नऊ रात्री आहेत. ढोबळ आराखडा असा: बा अटोलमधलं (अटोल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं) धारावंधू (जवळच्या हनिफारू खाडीतले मँटा रे, म्हणजे पंखांसारखे पर असलेले मोठे चपटे मासे) आणि साउथ आरीतलं धिगुरा (व्हेल शार्क). डायव्हिंग करायचं नाही, फक्त स्नॉर्कलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून पृष्ठभागावर पोहणं). दोघांनाही टँकमध्ये बऱ्यापैकी पोहता येतं, समुद्राचा सराव शून्य. मला दोन्ही डोळ्यांना उणे 3 आणि सिलिंडर (तिरकस नंबर) उणे 1 चा चष्मा आहे. बायको शाकाहारी. रात्री कशा वाटाव्यात, सामान इथूनच न्यावं का आणि पाण्यात उतरण्याआधी काय तयारी हवी, ते सांगा.

उधाणभांग

तिकीट काढण्याआधी कालनिर्णय काढा. हनिफारूला महिन्यापेक्षा तिथी महत्त्वाची.

कारण असं. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) अटोलच्या पूर्व कडेला जमतं. उधाणाची भरती ते उलटं आत ढकलते, आणि हनिफारूची खाडी एका बाजूने बंद असल्यामुळे ते तिथेच कोंडतं. मँटा येतात ते या कोंडलेल्या प्लवकावर. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत भरतीला तेवढा जोर नसतो, मग पाणी निळंशार आणि खाडी रिकामी. म्हणून धारावंधूच्या रात्री पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आगेमागे तीन-तीन दिवस येतील अशा बसवा. नारळी पौर्णिमा बहुतेक वर्षी ऑगस्टातच येते, ती धरली तर उत्तम.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. मँटा असतील तेव्हा पाणी हिरवट, गढूळ असतं आणि पाच-दहा मीटरपलीकडे फारसं दिसत नाही. स्वच्छ पाणी मिळालं म्हणून खूश होऊ नका.

नियम कडक आहेत: प्रमाणित गाइडशिवाय प्रवेश नाही, टाकी लावून डायव्हिंगला 2012 पासून बंदी, आणि पाण्यात 45 मिनिटं. एका वेळी पाच होड्या आणि 80 माणसं, एवढीच मुभा. गेस्टहाऊसवाले सकाळी रेंजरकडून खबर घेऊन मगच होडी काढतात, काही वेळा दुपारी दीड-दोनला अचानक निघायला सांगतात. त्या दिवसांत दुसरी कुठलीही सहल आधी ठरवून ठेवू नका.

वाटणी: धारावंधू पाच, धिगुरा तीन, शेवटची रात्र हुलहुमालेत (मालेजवळ, विमानतळाला लागून). दोन्ही बेटांमध्ये सोयीची थेट बोट नाही, मालेला परत यावंच लागतं. माले ते धारावंधू स्पीडबोटीने साधारण अडीच तास, धिगुरा दोनेक तास. विमानाने धारावंधू वीस-पंचवीस मिनिटांत होतं, पण परदेशी प्रवाशांचा दर वेगळा आणि बराच चढा असतो. सरकारी फेरी स्वस्त आहे, मात्र शुक्रवारी बंद. ऑगस्टात वारा वाढला की स्पीडबोटी उशिरा सुटतात किंवा रद्द होतात. परतीच्या विमानाच्या दिवशी बेटावरून निघणं हा सरळ जुगार आहे.

दर्यासारंग

वरच्या वाटणीला माझा विरोध. नऊ रात्रींत दोन अटोल म्हणजे दोन दिवस स्पीडबोटीतच जाणार. व्हेल शार्क साउथ आरीत वर्षभर असतात, त्यांच्यासाठी डिसेंबर ते एप्रिल कधीही वेगळं जाता येईल आणि तेव्हा समुद्रही शांत असतो. हनिफारूचा मोसम मात्र मे ते नोव्हेंबरच. यंदा बा अटोल एवढंच करा, सलग सात रात्री. एखादा दिवस पावसाने खाल्ला तरी चालेल.

तरीही दोन्ही करायचंच असेल तर क्रम तिथीवरून ठरवा, नकाशावरून नाही.

स्पीडबोटीत मागच्या बाकावर बसा, पुढे आपटे जास्त बसतात. उलटीची गोळी (एव्होमिनसारखी) डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तास-दोन तास आधी घ्या. बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. तिने झोप येते, त्यामुळे पोहायच्या सकाळी नको.

काचफीत

सामानाचं सांगतो. मास्क स्वतःचा न्या, फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंख) जमल्यास न्या, लाइफ जॅकेट तिथे मिळतं.

मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशी असेल तर नाकाखालची बोटभर पट्टी साफ करा, पाणी तिथूनच झिरपतं. नंबरच्या तयार काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने मिळतात आणि त्यांत सिलिंडर नसतो. त्यामुळे सिलिंडरचा अर्धा नंबर मूळ नंबरात मिळवायचा: उणे 3 आणि उणे 1 चा अर्धा, म्हणजे तुम्हाला उणे 3.5. नंबर मधेच अडकला तर कमी बाजूची काच घ्या, पाण्यात वस्तू तशीही मोठी आणि जवळ दिसते. कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात उतरू नका, डोळ्याला जंतुसंसर्ग व्हायची भीती असते.

नव्या मास्कच्या काचेवर आतून कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो. तो न काढता मास्क वापरला की दर दोन मिनिटांनी वाफ धरते आणि लोक मास्कला शिव्या घालतात. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नव्हे) आतून बोटाने चोळा, धुवा, असं चार-पाच वेळा. मग प्रत्येक वेळी उतरण्याआधी बेबी शाम्पूचा एक थेंब फिरवून हलकेच खळाळून टाका. तोंडभर झाकणारा फुल-फेस मास्क नको: सोडलेला श्वास आतच फिरत राहतो, आणि घाबरल्यावर तो पटकन निघत नाही.

फिन्स पूर्ण पावलाच्या घ्या, आत निओप्रीनचे पातळ मोजे. भाड्याच्या फिन्स अर्ध्या तासात टाच सोलतात, आणि सोललेल्या टाचेने उरलेले दिवस वाया जातात. अंगात पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहण्याचा घट्ट टी-शर्ट) आणि खाली लेगिंग्ज. सनस्क्रीन कितीही लावा, पोटऱ्या आणि गुडघ्यांची मागची बाजू भाजतेच. दहा लिटरची ड्राय बॅगही (पाणी आत न जाणारी पिशवी) घ्या.

सराव टँकमध्येच करा, कारण पावसाळ्यात मालवणचं स्नॉर्कलिंग बंद असतं. तोंड पाण्यात ठेवून स्नॉर्कलने 400 मीटर न थांबता. मग खोल बाजूला मुद्दाम स्नॉर्कलमध्ये पाणी घेऊन ‘फू’ करून एका फुंकरीत बाहेर काढणं, मास्कमध्ये पाणी घेऊन वरची कड कपाळावर दाबून नाकाने रिकामा करणं. हे दोन्ही पाय न टेकता सलग दहा वेळा जमलं की समुद्रात गडबड होणार नाही. फिन्स मारताना गुडघ्यातून सायकल चालवू नका, मांडीपासून लांब, सावकाश.

दर्यासारंग

पाण्यातलं वागणं राहिलं, ते लिहितो.

व्हेल शार्क: होडी माशाच्या पुढे जाऊन थांबते. काठावर बसून अलगद घसरा, उडी नको, आवाजाने मासा खाली जातो. अंगापासून तीन मीटर, शेपटीपासून चार. बाजूने समांतर पोहा, समोरून आडवे जाऊ नका. तो संथ दिसतो, पण फिन्स न थांबवता मारल्या तरच दोन-चार मिनिटं सोबत टिकते. दमलात तर थांबा, हात वर करा, होडी येते. साउथ आरीतल्या बऱ्याच माशांच्या अंगावर होड्यांच्या पंख्यांचे वण आहेत, त्यामुळे गर्दीत घुसणाऱ्या होडीवाल्यापेक्षा लांब थांबून वाट बघणारा निवडा.

मँटा: पाठलाग करायचाच नाही. पृष्ठभागावर पाय जुळवून पालथे पडून राहा. तीन-साडेतीन मीटर पंखांचा मासा तोंड उघडून थेट तुमच्याकडे येईल आणि शेवटच्या क्षणी खालून वळेल. त्या वेळी हातपाय मारलेत तर मँटांची रांग मोडते आणि खाणं थांबतं. शेपटीला काटा नसतो, घाबरू नका.

बेटाच्या कडेचा रीफ (प्रवाळाचा कठडा) गाइडशिवाय करायचा असेल तर भरती-ओहोटीच्या वेळा विचारून, कांडूपासून (अटोलमधली प्रवाहाची वाट) लांब. टायटन ट्रिगरफिश घरट्यावर असला तर चावतो. त्याची हद्द घरट्यापासून वर रुंदावत जाते, म्हणून वर न जाता आडवे पोहून बाहेर पडा.

काही बेटांवर नर्स शार्कना माशांचे तुकडे टाकून गोळा करतात. फोटो झकास येतात, पण ते टाळा. होडीच्या आवाजाला खाणं समजायला लागलेला मासा धड राहत नाही.

उधाणभांग

पैशाचं पटकन. खोलीच्या दरापुढे दोन अधिकचिन्हं दिसली तर तो अंतिम दर नाही. समजा 50 डॉलर: त्यावर 10 टक्के सेवाशुल्क, 55. त्यावर 17 टक्के जीएसटी, 64.35. शिवाय छोट्या गेस्टहाऊसांत माणशी दर रात्री 6 डॉलर ग्रीन टॅक्स, दोघांचे 12. एकूण 76.35. सहलीचा दर विचारताना हनिफारूचं प्रवेशशुल्क धरलंय का तेही विचारा. सुटे डॉलर न्या.

इमुगाचा (मालदीवच्या इमिग्रेशनचा) ऑनलाइन फॉर्म विमानाच्या आधीच्या 96 तासांत भरायचा. दारू नेऊ नका, विमानतळावर काढून ठेवतात. पोहण्याचे उघडे कपडे फक्त ठरवून दिलेल्या बिकिनी बीचवर, गावात खांदे-गुडघे झाकून.

शाकाहार: नाश्त्याच्या मासहुनीत (मासा आणि खोबऱ्याचं मिश्रण) ट्यूना असतोच. आधी ईमेल करून ‘मासा नको, रिहाकुरूसुद्धा नको’ असं स्पष्ट लिहा, कारण माशाचा तो दाट अर्क बऱ्याच पदार्थांत जातो. रोशी (तिथली पोळी), डाळ, भात मिळतं. मेतकूट आणि लोणचं सोबत असू द्या.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. दर्यासारंग यांचं पटलं, यंदा फक्त बा अटोल. एक शेवटचं: काठीवर गोप्रो चालेल का?

काचफीत

काठी नको, ती माशाकडे पुढे सरकवायचा मोह होतो. मनगटाला दोरी बांधून हातात धरा, फ्लॅश बंद. मँटाचा फोटो पोटाकडून घ्या, तिथल्या ठिपक्यांवरून प्रत्येक मासा ओळखतात. पुढे कधी व्हेल शार्क भेटला तर डाव्या कल्ल्यांच्या मागचा भाग घ्या. फोटोसोबत तारीख, वेळ आणि जागा गाइडकडे दिली की तो संशोधकांच्या नोंदीत जाऊ शकतो.