भात-म्हशी सांभाळून पायी नर्मदा परिक्रमा: टप्पे कसे पाडावेत?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)
नमस्कार मंडळी. पायी नर्मदा परिक्रमा करायची फार इच्छा आहे, पण सलग चार-पाच महिने घर सोडणं जमणारं नाही. दोन एकर भात, तीन म्हशी, दोन्ही वेळ डेअरीला दूध घालावं लागतं. घरात आई आणि मी. वर्षाला महिना-सव्वा महिना निघेल. बसने पंधरा-वीस दिवसांत होते हे माहीत आहे, बस नको. कुठून सुरू करावं, कुठं थांबावं?

तीरवासी (बेळगाव)
खंड परिक्रमा करा. एका वर्षी जिथं थांबाल, पुढच्या वर्षी तिथूनच उचलायची. नदी १३१२ किमी, दोन्ही तीर मिळून २६०० च्या वर. रोज २० किमी धरले तरी १३० दिवस, शिवाय इंदिरासागर, सरदार सरोवर, बरगी या धरणांच्या फुगवट्यामुळे वाट काठापासून लांब वळते. सव्वा महिन्यात सगळं कोंबायला गेलात तर पाय जातील.

आता टप्पा. नर्मदा उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र ओलांडायचं नाही, हे दोन नियम पक्के. आपण राहतो दक्षिणेला. म्हणजे टप्पा उत्तर तीरावर संपला तर घरी येताना नदी ओलांडावीच लागते. काही जण प्रत्येक टप्प्याला संकल्प सोडून पुन्हा घेतात, त्यांना चालतं. पण मन खाणार असेल तर पहिला टप्पा पूर्ण दक्षिण तीराचाच घ्या: ओंकारेश्वर ते अंकलेश्वर. पुढच्या वर्षी तिथून नदीच्या मुखाजवळच्या कठपोरला जाऊन नावेने समुद्रमार्गे उत्तर तीरावरची मिठीतलाई. ही नाव भरती बघून सुटते, म्हणून एक-दोन दिवस हातात ठेवा.

बेळगावहून गोवा एक्सप्रेसने इटारसी गाठा, तिथून खंडव्यामार्गे ओंकारेश्वर. इटारसी, खंडवा, दोन्ही दक्षिणेलाच, त्यामुळे जाताना नदी आडवी येत नाही. ओंकारेश्वराचं ज्योतिर्लिंग मात्र बेटावर आहे. संकल्प घेतल्यावर तिकडं जायचं नाही, ते दर्शन परिक्रमा पुरी झाल्यावर, संकल्पाच्या वेळी बाटलीत भरून घेतलेलं नर्मदेचं जल वाहताना. अलीकडच्या तीरावर ममलेश्वर आहे, तिथं डोकं टेकवून निघा.

वही ठेवा, आश्रमात शिक्के घ्या. शेवटच्या मुक्कामाचा शिक्का आणि तारीख नीट हवी, पुढच्या वर्षी तोच आधार. बडवानीच्या राजघाटानंतर शूलपाणीची झाडी लागते. डोंगराळ भाग, वस्ती विरळ. तिथं एकटं शिरू नका आणि दोन दिवसांचा शिधा पाठीवर असू द्या.

सुगीवाला (नंदगड)
वाट त्यांनी सांगितली, मी गोठ्याचं सांगतो, कारण तुमचं अडतंय ते तिथंच.

म्हैस साधारण ३१० दिवसांनी विते. फेब्रुवारीअखेर गाभण गेली तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात विणार. विण्याआधी साठ दिवस आटवायचीच असते, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून धार नाही. कापणी-मळणी उरकते तीही त्याच सुमारास, आणि परिक्रमावासीही कार्तिकी एकादशीनंतरच निघतात. विण्याच्या पंधरा दिवस आधी परत यायचं. मधले महिना-सव्वा महिना तुमचे. फेब्रुवारीनंतर माज ओळखणं अवघड होतं, उन्हात म्हैस मुका माज करते, म्हणजे माजावर असूनही लक्षणं दाखवत नाही, म्हणून पहाटे नि रात्री लक्ष ठेवा.

तिन्ही एकदम आटवू नका, डेअरीचा हप्ता बंद पडेल. दोन आटवा, एक दुभती ठेवा. तिला धार काढायला जो माणूस ठेवणार, त्याला निघायच्या पंधरा दिवस आधीपासून हात लावू द्या. आधी तुम्ही शेजारी उभे राहा, मग बाजूला व्हा. हात बदलला की म्हैस पान्हा चोरते, दूध वर ओढून धरते आणि तुम्हाला बडवानीत फोन येतो. आंबोण (धारेच्या वेळचा खुराक), वेळ, जागा, काही बदलायचं नाही.

आईंना धारेचं काम सांगू नका ओ. हिशेब आणि देखरेख पुरे.

एक_पाऊल (निपाणी)
पिशवी स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जड नको. बूट एक नंबर मोठा घ्या, दुपारनंतर पाय सुजतात. मोजे ओले झाले की लगेच बदला, फोड ओलीनेच येतात. सराव तीन दिवस सलग करा. बेळगाव ते खानापूर २६ किमी आहे, पिशवी घेऊन चाला, दुसऱ्या दिवशी उलटं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पहिला दिवस कुणालाही जमतो, गुडघे बोलतात ते दुसऱ्या सकाळी.

मलप्रभाकाठ
धन्यवाद. एक म्हैस आत्ता पाच महिन्यांची गाभण आहे, ती या हिशेबात बसत नाही. मग यंदा काय?

सुगीवाला
यंदा मोठा टप्पा नको. चैत्रात उत्तरवाहिनी परिक्रमा करा. गुजरातेत राजपीपळ्याजवळ रामपुरा ते तिलकवाडा, नदी तिथं उत्तरेकडे वाहते, परिक्रमा एका दिवसात होते. बडोद्यापर्यंत रेल्वे, पुढे बस. जाऊन-येऊन चार-पाच दिवस धरा. चैत्रात उन्हं कडक, पहाटे अंधारातच चालायला लागा. आणि धार काढणारा माणूस कितपत टिकतो, तेही या चार दिवसांत कळेल.