प्रशासकच बरा होता म्हणणाऱ्यांसाठी

गॅलरीतला_म्हातारा:
परवा इथं एका भल्या माणसानं लिहिलं: "मार्च 2022 ते जानेवारी 2026 महापालिकेत नगरसेवक नव्हते, सोलापूरचं काय बिघडलं? प्रशासकच बरा होता. सभागृह म्हणजे नुसता तमाशा." खाली अंगठ्यांचा ढीग. म्हणून लिहितोय.

तमाशा असतोच, ते मला नका सांगू. पण त्या काळात कारभार कसा चालायचा? आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून स्वतःच मंजूर करायचा. सर्वसाधारण सभेचे अधिकार त्याच माणसाकडं, स्थायी समितीचेही त्याच्याकडंच. ठराव झाल्याचं आपल्याला कळायचं ते निविदा निघाल्यावर. सभागृहात निदान विरोधातला एखादा उठतो, "हा विषय ऐनवेळी का आणला" म्हणून विचारतो आणि ते इतिवृत्तात येतं. पुढं कोर्टात जायची वेळ आली तर तोच कागद कामाला येतो.

आणि सभा बघायची तर नीट बघा. छापील विषयपत्रिका सगळेच चाळतात, मेख असते उपसूचनेत, म्हणजे मूळ विषयाला ऐनवेळी जोडलेल्या दुरुस्तीत. नगरसचिव विषय निम्मा वाचतात, एक जण सूचना मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, तिसरा हातातला कागद वर करून "उपसूचना" म्हणतो, की मागून "मंजूर, मंजूर"! छापील विषय एका रस्त्याचा, आणि कागदात निघतात तीन. शेजारच्या बाकावरच्यालाही पत्ता नसतो.

जुळेकर:
काका, सभागृह कशासाठी हवं ते तुम्हीच सांगितलंत की. उपसूचना घुसडायला! प्रशासकाच्या काळात ती भानगडच नव्हती. 2017 च्या सभागृहात सत्ताधाऱ्यांचेच दोन गट एकमेकांचे विषय तहकूब करत बसायचे, विसरलात? साहेबाला फोटो पाठवला की खड्डा बुजायचा. नगरसेवक आधी विचारतो, मत कुणाला दिलतं.

गॅलरीतला_म्हातारा:
तो साहेब फोन उचलायचा, मान्य. बदली झाल्यावर काय करायचं? चांगला साहेब हे नशीब झालं, व्यवस्था नव्हे. आणि नुसतं प्रशासकाचं घेऊन काय बसलात! 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत नंबर लागला म्हणून आपण पेढे वाटले. ती योजना वेगळी कंपनी करून चालवली. कंपनीच्या बैठकीला प्रेक्षक गॅलरी असते का? होम मैदानावर सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरतो, त्या मैदानाचं काय करायचं हे ठरताना कुणी विचारलं तुम्हाला?

हद्दवाढीतली:
सभा आणि प्रशासक, दोन्ही चुलीत घाला. 1992 ला हद्दवाढ झाली तेव्हा मी शाळेत होते, आता माझी पोरगी कॉलेजला आहे. पाणी अजून चार-पाच दिवसाआड. उजनी धरण भरलं की पेपरात फोटो, 117 टीएमसी, पुढारी पूजन करतात. आमच्या नळाला वारा. येतं तेही रात्री दोनला. त्यात शेजारीण नळाला मोटार लावते. तिची गच्चीवरची टाकी भरून वाहते आणि माझ्या घागरीत करंगळीएवढी धार.

शेंगाचटणी:
मोटारी जप्त करा आणि नळ तोडा. सरळ चोरी आहे ही.

मागवाला:
ओ, चोर कुणाला म्हणालाव? मी लावतो मोटार. दिवसभर यंत्रमागावर उभारायचं, रात्री दोनला उठून बायको पाइप धरणार, मी बटण दाबणार. प्रेशर नाही तर काय नळाला आरती ओवाळू? गल्लीत सगळ्यांनी लावल्यात. मी एकट्यानं काढली तर थेंब येणार नाही. आधी बंगलेवाल्यांच्या काढा.

शेंगाचटणी:
थेंब येत नाही तो तुमच्यासारख्यांमुळंच. वर जुना पाइप फुटका असला की तुमची मोटार शेजारच्या गटारीचं पाणी आत ओढते आणि तेच पुढं सगळी गल्ली पिते. आमच्याकडं गॅस्ट्रोनं दोन पोरं ॲडमिट होती. तुमच्या आरतीचा प्रसाद.

मागवाला:
पोरांवर जाऊ नका. पाइप मी फोडला काय? तुमच्याकडं बोअर असंल म्हणून अक्कल शिकवालाव.

शेंगाचटणी:
बोअर आहे. पैसे भरून घेतलंय.

हद्दवाढीतली:
झालं! बोअरवाले आम्हाला शिस्त शिकवणार.

जुळेकर:
इतकी वर्षं उजनीतून भीमेत पाणी सोडून औज बंधारा भरायचा, शहर पिणार त्याच्या कित्येक पट नदीत घालवायचं. ते कुणी विचारलं नाही आणि अर्ध्या एचपीच्या मोटारीवर फौजदारी. त्यासाठीच उजनीपासून शहरापर्यंत थेट समांतर जलवाहिनी मागितली ना? मोठा पाइप आला तरी आत गल्लीतला जुनाच राहणार, लिहून ठेवा.

गॅलरीतला_म्हातारा:
मग तेच तर म्हणतोय मी! कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहणार हे आज चावीवाल्याला ठाऊक, आणि तो ज्याचं ऐकतो त्याला. ते वेळापत्रक सभागृहापुढं लेखी मागवा. झोननिहाय, वेळेसह. मग मोटारवाल्यांना धरा. त्याआधी धराल तर मागवाल्याचीच जप्त होईल, बंगल्याची नाही. एवढं त्यांचं बरोबर आहे.

शेंगाचटणी:
वा, चोराला वकील मिळाला. वेळापत्रकाचं ठीक आहे. पण मोटार ती मोटारच.

हद्दवाढीतली:
रात्री दोनला पाणी भरून सकाळी अकराच्या सभेला कोण येणार, काका? पेन्शनवाल्यांचं जमतं.

गॅलरीतला_म्हातारा:
येऊ नका. अर्ज लिहून द्या, आपल्या नगरसेवकाच्या हातात देतो, पोच घेतो. सभेत लक्षवेधी सूचना मांडली नाही तर कुणी मांडली नाही ते इथं नावानिशी टाकतो.

मागवाला:
टाका. सही करतो मी. मोटार काढणार नाही.

जुळेकर:
अर्ध्या एचपीची पुरते काय हो, का एकची घ्यावी लागते?

मागवाला:
कशाला विचारालाव?

जुळेकर:
असंच.