अ‍ॅसिट्रॉम, अळू आणि आईच्या बाकीच्या गोळ्या

अबोली:
आईची (वय ६८) मायट्रल झडप बदलल्यापासून रक्त पातळ ठेवायची अ‍ॅसिट्रॉम चालू आहे. आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, जास्त म्हणजे जास्त पातळ) २.५ ते ३.५ हवा, परवा १.७ आला. डॉक्टरांनी डोस थोडा वाढवलाय, आठवड्याने पुन्हा तपासायचंय. "पालेभाज्या सांभाळा" एवढंच म्हणाले. इथे श्रावण, परसात अळू माजलंय, एक दिवसाआड फदफदं होतंच. मावशीने फर्मान काढलंय, हिरवं पान घरात नको! शिवाय सकाळच्या चहाबरोबर थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच, आणि गुडघे धरले की मेडिकलमधून आणलेली दुखण्यावरची डायक्लोफिनॅक. कशाचं कशाशी वाकडं आहे हे बघायला एखादी साइट आहे का?

औषधवाली:
साइट नंतर. आधी ती डायक्लोफिनॅक बाजूला ठेवा. रक्त पातळ असताना तिने पोटाच्या अस्तराला इजा झाली तर आतल्या आत रक्त जातं आणि पत्ता लागत नाही. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर थेट हॉस्पिटल. गुडघ्यांसाठी डॉक्टरांना पॅरासिटामॉलचं विचारा. तीही रोज घ्यायची वेळ आली तर त्यांच्या कानावर घाला, आयएनआर हलतो.

आता अळू. त्यात रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के भरपूर, आणि अ‍ॅसिट्रॉम नेमकं त्या के-चंच काम अडवते. पण वाढवलेला डोस अळू खाणाऱ्या आईच्या रिपोर्टवरून ठरलाय. आता मावशींचं ऐकून पान बंद केलंत तर तोच डोस जड होईल आणि आयएनआर पार वर जाईल. बंदी नकोच, आठवडाभर साधारण सारखं प्रमाण ठेवा. आणि डॉक्टरांना अळूचं स्पष्ट सांगा, "सगळं खाते" असं नको.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम निदान चार तास लांब, रात्रीच्या जेवणानंतर ठेवलंत तर लक्षातही राहील. मात्र हा बदल डॉक्टरांना सांगूनच करा. थायरॉइडची गोळी नीट अंगी लागायला लागली की अ‍ॅसिट्रॉमचा जोरही वाढतो. काउंटरवर ही गोष्ट कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

साइटवर ब्रँड टाकू नका, स्ट्रिपवर बारीक अक्षरात असतं ते नाव टाका. अ‍ॅसिट्रॉम म्हणजे असिनोकूमारोल. अमेरिकेत ते विकत नाहीत, तिथल्या साइटवर सापडलं नाही तर वॉरफरिन टाकून बघा, एकाच घराण्यातली आहेत.

विसूभाऊ:
ताईंचं बरोबर, फक्त साइट लाल शेरा मारते म्हणून गोळी बंद करू नका. बाबांना स्टेंटनंतर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, गुठळी होऊ न देणारी दोन्ही औषधं दिली होती. भावाने मोबाइलवर टाकून बघितलं तर 'गंभीर'. रात्री अकराला फोन! ती जोडी डॉक्टरांनी जाणूनबुजून दिलेली असते, मध्येच सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

अबोली:
धन्यवाद. डायक्लोफिनॅकची स्ट्रिप काढून घेतली, आई फुगून बसलीय. अजून एक, कवळीखाली तोंड आलंय म्हणून शेजारच्या काकूंनी एक जेल दिलंय. ते वरून लावायचं, म्हणजे चालेल ना?

औषधवाली:
नाव वाचा. मायकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) असेल तर लावू नका. तोंडात लावलेलं थोडं पोटात जातंच आणि तेवढ्यानेही आयएनआर धोकादायक चढू शकतो. फ्लुकोनॅझोलची गोळी आणि जुलाबावरची मेट्रोनिडॅझोलही त्याच यादीत. जेल आधीच लावून झालं असेल तर आठवड्याची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना फोन करा, ते तपासणी अलीकडे घेतील. तोंडासाठी दुसरं औषधही त्यांनाच विचारा, काकूंना नको.