माउंट हूडला गाडीने पूर्ण वळसा: आई-बाबांना घेऊन एका दिवसात होईल का?

सागरगोटा:
नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, ओरेगनमधल्या पोर्टलंडजवळ बीव्हर्टनला राहतो. आई-बाबा सांगलीहून आलेत, सप्टेंबरपर्यंत आहेत. हवा स्वच्छ असली की आमच्या वरच्या खिडकीतून माउंट हूड दिसतो आणि बाबा चहाचा कप घेऊन तिथेच उभे राहतात. आता म्हणतात, "लांबून किती बघायचा, एकदा जवळ ने की." जुलैत त्याला पूर्ण वळसा घालायचं मनात आहे. आईचे गुडघे दुखतात, फार चालणं जमणार नाही. एका दिवसात होईल? सुरुवात कुठून करावी?

पायवाट:
होईल, आरामात. पोर्टलंडहून निघून परत पोर्टलंड, दीडशे मैलांच्या आसपास. पण सकाळी सातला निघा आणि अख्खा दिवस द्या.

माझा आग्रह एकच, घड्याळाच्या दिशेने फिरा. आधी पूर्वेला कोलंबिया नदीच्या काठाने हूड रिव्हर गावापर्यंत, तिथून ३५ नंबरच्या हायवेने दक्षिणेला, मग २६ नंबरच्या हायवेने घरी. देवळातल्या प्रदक्षिणेसारखा डोंगर उजव्या हाताला राहतो. आईंना पुढे बसवा, म्हणजे तो त्यांच्याच बाजूच्या काचेतून दिसेल.

कॉर्बेटला हायवे सोडून जुन्या रस्त्याला लागा. क्राउन पॉइंटवरचं व्हिस्टा हाउस १९१८ चं आहे, नदीपासून सातशे फुटांहून उंच. वारा जोरदार असतो, बाबांना टोपी धरायला सांगा. पुढे मल्टनोमाह धबधबा, ६२० फूट, दोन टप्प्यांत पडतो आणि खालच्या चौकातूनच पूर्ण दिसतो, आईंना पुलापर्यंत चढायची गरज नाही. उन्हाळ्यात तिथल्या पार्किंगचे नियम बदलत असतात, निघण्याआधी बघून घ्या. आजूबाजूला जळालेली झाडं दिसतील, ती २०१७ च्या वणव्याची खूण.

आता मुख्य गोष्ट. बाबा खिडकीतून बघतात ती डोंगराची पश्चिम बाजू. हूड रिव्हरहून वळलात की नासपती आणि सफरचंदांच्या बागांच्या वर उत्तरेची बाजू उभी राहते, खडबडीत, कडे तुटलेले, हिमनद्या लोंबणाऱ्या. तोच डोंगर आहे हे पटत नाही. गावाबाहेर पॅनोरमा पॉइंट म्हणून जागा आहे, गाडी अगदी वरपर्यंत जाते. तिथे डबा उघडा. जुलैत रस्त्याकडेच्या स्टॉलवर चेरी मिळतात.

पुढे व्हाइट रिव्हरच्या पुलावर गाडी हळू घ्या. नदी म्हणावी तर पाण्याची एक बारीक धार, आणि दोन्ही बाजूंना राखाडी वाळू-गोट्यांचं रुंद पात्र, थेट डोंगरातून उतरलेलं. २००६ च्या नोव्हेंबरमधल्या पावसात याच पात्रातून दगड-चिखलाचा लोंढा आला आणि हा रस्ता तुटला. हूड ज्वालामुखी आहे, त्याचं अंग अजून ठिसूळ आहे, हे इथे समजतं.

शेवटी टिंबरलाइन लॉज, सुमारे ६,००० फुटांवर. मंदीच्या काळात सरकारने बेकारांना काम देऊन बांधलेलं, १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी उद्घाटन केलं. आत जिन्याच्या कठड्याचे खांब जरूर बघा. जुन्या विजेच्या खांबांतून कोरलेले प्राणी-पक्षी आहेत, आणि इतक्या वर्षांच्या हातांनी त्यांची डोकी गुळगुळीत झालीत. मला ही इमारत फार आवडते. कामाची गरज असलेल्या माणसांनी किती मन लावून काम केलंय!

घाटमाथा:
पायवाट, दिशेबाबत मी सहमत नाही. रविवारी दुपारनंतर २६ वर पोर्टलंडकडे येणारी रांग संपत नाही, म्हातारी माणसं गाडीत कंटाळतात. त्यापेक्षा सकाळी २६ ने वर जा आणि संध्याकाळी नदीकाठाने या. चेरीही शेवटी घेतली की गाडीत तापत नाही.

पायवाट:
रविवारचं खरं आहे. म्हणूनच रविवार टाळा, सुट्टी मिळत असेल तर मंगळवार-बुधवार बघा. पण उलट गेलात तर डोंगराच्या उत्तरेकडच्या पार्कडेल गावात पोचेपर्यंत दुपार उलटून जाते, तोवर ईशान्येची एलियट हिमनदी सावलीत गेलेली असते. सकाळच्या उन्हात तिच्या भेगा साध्या डोळ्यांनी दिसतात. चेरीसाठी मी बर्फाचा डबा नेईन, ती बाजू सोडणार नाही.

सागरगोटा:
मंगळवार ठरवतो. बाबांना विचारलं, त्यांनाही डोंगर उजवीकडेच हवाय :) लॉस्ट लेक त्याच दिवशी जमेल का? आणि ऑगस्टवर ढकललं तर?

पायवाट:
लॉस्ट लेक नको, आत जाऊन यायलाच बराच वेळ जातो. पाणी बघायचंच असेल तर टिंबरलाइनहून उतरल्यावर ट्रिलियम लेक जवळ आहे, गाडीपासून चार पावलांवर, आणि वारा नसेल तर अख्खा डोंगर पाण्यात दिसतो. ऑगस्टवर ढकलू नका, वणव्याचा धूर आला तर डोंगर आठवडाभरही दिसत नाही. आणि स्वेटर घ्या. टिंबरलाइनच्या वर जुलैतही लोक स्कीइंग करत असतात.